जुनं इंग्रजी वाचताना या चुका टाळा: दाऊ, दी, यी आणि बाकीची मंडळी

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे 'दाऊ' (thou) हा आदराचा शब्द आहे असं धरून चालणं. बायबलमध्ये देवाला दाऊ म्हटलंय म्हणून तसं वाटतं, पण आपणही विठोबाला 'तू'च म्हणतो की, त्यातलाच प्रकार. दाऊ म्हणजे तू आणि यू म्हणजे तुम्ही, मोठ्या माणसाला दाऊ म्हणणं हा चक्क अपमान होता. 1603 साली वॉल्टर रॅले या इंग्रज दरबाऱ्यावर राजद्रोहाचा खटला चालला तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक त्याला भर कोर्टात म्हणाला, 'आय दाऊ दी, दाऊ ट्रेटर!' म्हणजे गद्दारा, तुला मी अरे-तुरेच करणार. यातच दाऊ (तू) आणि दी (thee, तुला) यातला फरकही कळतो. दाय आणि दाइन दोन्ही 'तुझं', फक्त पुढे स्वर आला किंवा शब्द एकटाच वापरला की दाइन. आणि मीम्समध्ये 'आय हॅथ' (हॅथ म्हणजे आजचं 'हॅज') लिहितात ते साफ चूक, हॅथ फक्त 'तो', 'ती'साठी, दाऊबरोबर हॅस्ट येतं.

आता 'यी'. इंग्लंडमध्ये दुकानांच्या पाट्यांवर 'यी ओल्ड' अमुकतमुक असतं ना, तो यी नाहीच, तो साधा 'द' आहे! पूर्वी 'थ'च्या उच्चारासाठी थॉर्न नावाचं अक्षर होतं, हस्ताक्षरात ते वाय सारखं दिसायला लागलं आणि छापखान्यांकडे थॉर्नचा खिळाच (छपाईचं धातूचं अक्षर) नसायचा, मग वाय लावून काम भागवलं. खरा यी म्हणजे अनेकवचनी तुम्ही. 1611च्या किंग जेम्स बायबलमध्ये एकाच वाक्यात यी आणि यू दोन्ही सापडतात, 'यी शॅल नो द ट्रूथ, अँड द ट्रूथ शॅल मेक यू फ्री', कर्ता यी, कर्म यू.

'व्हेअरफोर' दिसलं की लोक 'कुठे' लावतात आणि मग ज्युलिएट बाल्कनीतून रोमिओला शोधतेय असं वाटतं. ती विचारतेय 'का', तू रोमिओच का, शत्रूच्या घरातला का! तो खालीच उभा आहे हे तिला माहीतच नाही.

हिदर, दिदर, व्हिदर म्हणजे इकडे, तिकडे, कुणीकडे. हेन्स, देन्स, व्हेन्स म्हणजे इथून, तिथून, कुठून. व्हिदरमधला (whither) एच गाळलात तर मात्र अर्थ कोमेजणं होतो. व्हेन्समध्येच 'कुठून'मधला 'ऊन' (म्हणजे 'फ्रॉम') आहे, त्यामुळे 'फ्रॉम व्हेन्स' डबल होतं खरं, पण किंग जेम्स बायबलच्या 121व्या स्तोत्रातच तसं आहे, त्यावरून कुणाला झापायला जाऊ नका.