काउंटीत ग्रँड ज्युरर्सचा चॅप्टर काढायचाय? आधी जुने रिपोर्ट उघडा

गणपतीच्या जेवणाला बे एरियातल्या दोघातिघांनी विचारलं, आमचं ग्रँड ज्युरीचं वर्ष संपलं, आता आमच्या काउंटीत माजी ज्युरर्सचा चॅप्टर, म्हणजे त्यांच्या राज्यभरच्या संघटनेची स्थानिक शाखा, काढता येईल का. येतो की, फक्त सुरुवात चुकीच्या टोकाने करू नका, आम्ही केली होती.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियात 58 काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारख्या), प्रत्येकीत दरवर्षी साध्या नागरिकांची ग्रँड ज्युरी बसते, बहुतेक ठिकाणी 19 जण, लॉस एंजेलिसला 23. मुख्य काम काउंटी, शहरं, स्पेशल डिस्ट्रिक्ट (पाणी, अग्निशमन अशी एकेक सेवा बघणाऱ्या स्थानिक संस्था) यांचा कारभार तपासून रिपोर्ट लिहायचा. वर्ष बहुतेक ठिकाणी 30 जूनला संपतं आणि सगळे पांगतात. गोची इथेच आहे, कारण रिपोर्टला उत्तर द्यायला सिटी कौन्सिल, बोर्ड वगैरेंना 90 दिवस असतात आणि शेरीफसारख्या निवडून आलेल्या अधिकाऱ्याला 60, म्हणजे उत्तर येईपर्यंत लिहिणारे घरी बसलेले आणि नवीन ज्युरी अजून खुर्च्याच लावतेय. हे जे मधे पडतं ते चॅप्टरने उचलायचं.

आमची पहिली मीटिंग लायब्ररीच्या खोलीत, सात जण आले, आणि दीड तास कशावर गेला तर खजिनदाराची टर्म एक वर्ष की दोन. पुढच्या मीटिंगला तीन जण. त्यामुळे बायलॉज, म्हणजे चॅप्टरची नियमावली, स्वतः लिहीत बसू नका, सिव्हिल ग्रँड ज्युरर्स असोसिएशन ऑफ कॅलिफोर्निया या राज्य संघटनेला मेल टाका, दुसऱ्या काउंटीतल्या चॅप्टरचे नमुने मागा, नाव बदला, मोकळे व्हा.

मग खरं काम. मागच्या तीन वर्षांचे रिपोर्ट काढा, ते पब्लिकच असतात, आणि एक साधी एक्सेल शीट करा: शिफारस काय, कोणाला, उत्तर कधी आलं, काय आलं. कायद्याने शिफारशीला चारच प्रकारची उत्तरं देता येतात: केलं, करणार आहोत आणि अमुक वेळेत, अजून अभ्यास हवा, किंवा करणार नाही आणि का ते. यातला ‘अभ्यास हवा’ वाला कॉलम पिवळा करा, कारण त्याला सहा महिन्यांची मर्यादा आहे आणि सहा महिन्यांनी विचारायला कोणी जात नाही. आमच्या दोन जणांनी एका बोर्डाच्या मीटिंगला जाऊन पब्लिक कॉमेंटमध्ये (नागरिकांना बोलायला दिलेल्या वेळेत) एवढंच विचारलं की त्या अभ्यासाचं काय झालं, तर अजेंडा चाळायची नुसती धावपळ! त्या संध्याकाळनंतर मेंबर आपोआप वाढले.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की ठेवा, गुप्ततेची शपथ वर्ष संपल्यावरही सुटत नाही. कोणी साक्ष दिली, आत कोण काय बोललं, कोणी कसं मत दिलं, हे चॅप्टरच्या चहावर पण काढायचं नाही, छापलेल्या रिपोर्टवरच बोला. आणि चालू ज्युरीला ‘तुम्ही हे तपासा’ असं चॅप्टर म्हणून सांगायला जाऊ नका, तक्रार असेल तर इतर नागरिकांसारखा फॉर्म भरा.

नव्या ज्युरर्सच्या भरतीला हात लावलात तर ज्युरी निवडणारं कोर्ट सहसा खूशच असतं कारण अर्ज कमी येतात. आपल्या लोकांना सांगताना आधी हे सांगा की ग्रीन कार्डवर चालत नाही, सिटिझन हवं, 18 पूर्ण आणि काउंटीत एक वर्ष राहिलेलं. मानधन विचारलंच तर हसू नका, कायद्यातला किमान आकडा दिवसाला 15 डॉलर आहे, पार्किंगवाल्याला विचारा पुरतात का. रिटायर झालेले आयटीवाले यात फार छान रमतात, बजेटची पीडीएफ दिसली की त्यांना उत्साह येतो.

पैसा फार लागत नाही, थोडी वर्गणी आणि खोली फुकटची. तारीख मात्र चुकवू नका. निघणाऱ्या ज्युरर्सना जूनच्या शेवटच्या आठवड्यातच समोशाला बोलवा, जुलैत फोन केलात तर निम्मे क्रूझवर गेलेले असतात.