कोसा पिकवायचा तर आधी ऐन बघा

कोशाचं, म्हणजे टसर रेशमाच्या कोषाचं, पीक घ्यायचं ठरवलंत की अंडीपुंज (पतंगाच्या अंड्यांचे पुंजके) मागवायची घाई करू नका, आधी झाडं बघून या. टसरच्या पतंगाला खाताच येत नाही. जन्मभराचं खाणं अळी असतानाच उरकायचं असतं, तेही तुमच्याच झाडावर. बोर, साल यांवरही ही अळी जगते, पण आमच्या गडचिरोलीतल्या आरमोरीकडं पहिला मान ऐनाला, मग अर्जुन. ऐन ओळखणं सोपं: खोडाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली, आणि पान उलटं केलं की देठाजवळ बारीक गाठी.

उंच झाडाच्या नादी लागू नका. छाटून नवे फुटवे आलेलं, हात पोचेल असं झाड धरा. खालचं गवत काढून चुना टाका. लाल मुंग्यांचं घरटं असेल तर फांदीसकट उतरवा. भामरागडकडं त्यांची चटणी करतात, म्हणजे तेही वाया जात नाही.

अंडीपुंज सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेलेच घ्या. पेब्रीन हा अळीचा रोग आईकडून अंड्यातच उतरतो, मग स्वस्तात मिळालेलं बियाणं सगळ्यात महाग पडतं. अंडी आठ-दहा दिवसांत फुटतात, बहुतेक सकाळीच. ती पानाच्या द्रोणात घालून कोवळ्या पाल्याच्या फांदीला बांधा आणि लहान अळ्यांवर जाळी टाका.

अळी चार वेळा कात टाकते. तेव्हा ती खाणं सोडून गप्प बसते. नव्या माणसाला वाटतं आजारी पडली. तिला हात लावायचा नाही. उलटी लटकून मऊ पडलेली अळी मात्र खरंच गेलेली असते. ती लगेच काढून लांब पुरा.

खरी कसोटी झाड बदलताना. पाला पुरता संपायची वाट बघू नका. उपाशी अळी खाली उतरते आणि मुंग्यांच्या तावडीत सापडते. आणि अळी ओढून काढू नका! मागच्या पायांनी ती फांदी इतकी घट्ट धरते की ओढलं तर जखमी होते. अळीसकट बारीक डहाळी कैचीनं कापा, नव्या झाडाच्या बेचक्यात अडकवा, ती आपली आपण पाल्यावर जाते. दिवसभर कावळ्यांवर लक्ष ठेवायला गलोल घेऊन माणूस लागतोच, ते काम पोरांवर सोपवू नका.

कोसा विणला की आठवडाभर थांबा. तो फांदीला कडी घालून टांगलेला असतो, म्हणून डहाळीसकटच कापा. बियाण्यासाठी जड, टणक कोसे वेगळे काढून त्यांच्या माळा करा आणि हवेशीर खोलीत, उंदीर पोचणार नाहीत अशा टांगा.