सिम्युलेशनच्या ऑनलाइन टीममध्ये या चुका टाळा

सातारा-सांगलीकडच्या एमबीएच्या मुलांची टीम आता एका टेबलाभोवती बसतेच असं नाही. एक मिरजेत, एक विट्यात, एक कराडला, एक जतला घरून. सिम्युलेशन म्हणजे संगणकावर नकली कंपनी चालवायचा खेळ, आणि ती कंपनी मात्र सगळ्यांनी मिळून एकच चालवायची असते. खालचे तपशील कॅपसिम कंपनीच्या कॅपस्टोन या सिम्युलेशनमधले आहेत, पण घोळ बहुतेक सिम्युलेशनमध्ये हेच होतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विभाग वाटून घ्यायचे आणि दुसऱ्याच्या पानाकडे बघायचंच नाही. "तू मार्केटिंग बघ, मी प्रॉडक्शन बघतो" इथे काम सुरू होतं आणि बऱ्याचदा तिथेच बिघडतं. एका टीमची चौथी फेरी बघा (एक फेरी म्हणजे कंपनीचं एक वर्ष). मार्केटिंगवाल्याने किंमत २६ डॉलर ठेवून विक्रीचा अंदाज १४ लाख नग भरला. प्रॉडक्शनवालीने तेवढंच उत्पादन लावलं, फायनान्सवाल्याने वर्षअखेरीस ४० लाख डॉलर रोख उरतील असा हिशेब जमवला. रात्री साडेअकराला मार्केटिंगवाल्याने किंमत २८ केली. प्रोफॉर्मावर, म्हणजे भरलेल्या आकड्यांवरून निघणाऱ्या अंदाजी हिशेबावर, नफा लगेच वाढलेला दिसला, ग्रुपवर सगळ्यांचे अंगठे आले आणि निर्णय सबमिट झाला.

तो नफा खोटा होता. अंदाज हाताने भरला की किंमत बदलल्यावर तो आपोआप कमी होत नाही. प्रोफॉर्मा जुन्याच १४ लाख नगांना नवी किंमत लावतो आणि २८ लाख डॉलर जास्त दाखवतो. प्रत्यक्षात ११ लाख नग विकले गेले. ३ लाख नग गोदामात पडून, म्हणजे अंदाजापेक्षा ८४ लाख डॉलरची विक्री कमी. रोख उणेत गेली आणि 'बिग अल'चं, म्हणजे रोख संपली की सिम्युलेशन आपोआप देतं ते आपत्कालीन कर्ज गळ्यात पडलं. त्याचा व्याजदर चालू दरापेक्षा साडेसात टक्क्यांनी जास्त असतो. पुढच्या फेरीत नवीन मशिनरी घ्यायची होती, ती राहिलीच.

म्हणून किमतीला हात लावला की अंदाज पुन्हा काढायचाच. अंदाजाच्या रकान्यात वाईटात वाईट विक्री भरा, समजा ११ लाख. उत्पादन मात्र चांगल्यात चांगल्या विक्रीच्या हिशेबाने लावा, समजा १३ लाख, त्यातून गोदामातला जुना साठा वजा करून. मग प्रोफॉर्माच्या ताळेबंदात ३१ डिसेंबरची रोख बघा. माल न खपूनही ती शून्याच्या वर राहत असेल तरच सबमिट करा. ती राहत नसेल तर आधी कर्ज किंवा शेअर काढून सोय करा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि घाईत हेच सोडलं जातं.

नगांचे आकडे हजारांत भरायचे असतात. १४ लाख म्हणजे १,४००.

दुसरी चूक कारखान्याच्या क्षमतेची. या वर्षी विकत घेतलेली क्षमता पुढच्या वर्षी वापरात येते, ऑटोमेशनचंही तसंच. साखर कारखान्याने गाळप वाढवायचं ठरवलं म्हणून त्याच हंगामात जादा ऊस गाळता येत नाही, हे आपल्या भागात कुणाला समजावून सांगायला नको. तरीही नवीन प्रॉडक्ट बाजारात यायच्या वर्षी टीम क्षमता घ्यायला धावते आणि ते वर्ष हातचं जातं. संशोधनवाल्याने प्रॉडक्टची तारीख ठरवली की त्याच कॉलवर प्रॉडक्शनवालीने एक वर्ष आधीची खरेदी नोंदवायची.

आकडे व्हॉट्सअॅपवर ठरवू नका. शुभेच्छांच्या खाली ते गाडले जातात. एक गूगल शीट ठेवा: विभाग, जुना आकडा, नवा आकडा, कारण, कोणी बदलला, किती वाजता. कारणाचा रकाना रिकामा असेल तर तो बदल धरायचा नाही. सबमिट एकानेच करायचं, कारण दोघांनी वेगवेगळ्या लॅपटॉपवरून सेव्ह केलं तर नंतरचं राहतं. त्याची वीज किंवा नेट गेलं तर दुसरा कोण, हेही आधीच ठरवा. नेट कमजोर असेल तर व्हिडिओ बंद ठेवून नुसत्या आवाजावर बोला; शीट समोर असली की चेहरे दिसायची गरज पडत नाही.

परदेशी कॉलेजसोबत टीम असेल तर घड्याळ तपासा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याची रात्री ११:५९ ची मुदत आपल्याकडे हिवाळ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी १०:२९ ला संपते, उन्हाळ्यात ९:२९ ला. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं बदलतात.

सीनियरकडून गेल्या वर्षीचे 'जिंकणारे आकडे' मागू नका. बाजार ठरतो तो समोरच्या टीमच्या निर्णयांवर, आणि त्या टीम दरवर्षी वेगळ्या असतात. सरावाच्या फेऱ्या गुण नाहीत म्हणून सोडणाऱ्यांनाच हे आकडे लागतात. सरावात मुद्दाम रोख संपवून बघा, माल तुटवून बघा. तिथे चुकायला काही पडत नाही.

निकाल आला की आधी आपला क्रमांक बघू नका. फेरीनंतर येणाऱ्या 'कुरिअर' नावाच्या अहवालात प्रत्यक्ष आणि संभाव्य बाजारहिस्सा शेजारी शेजारी दिलेला असतो. संभाव्य जास्त आणि प्रत्यक्ष कमी असेल, तर गिऱ्हाईक होतं पण माल संपला होता. गोदाम भरलेलं असेल तर अंदाज फुगला होता. हे दोन्ही शीटमध्ये लिहून मगच पुढच्या फेरीचा कॉल लावा.