फोनला विचारू नका, कामाला लावा: नकली स्मार्टफोन कसा ओळखावा

नकली फोन आज दिसायला हुबेहूब असतो. खोका, चार्जर, मागचा लोगो, सेटिंगमधले मॉडेलचे नाव, सगळे जागच्या जागी. त्यामुळे ‘खोक्यावरचे स्पेलिंग तपासा’ हा जुना सल्ला आता फारसा कामाचा राहिलेला नाही. छपाई स्वस्तात होते. महाग असतात ते प्रोसेसर, स्क्रीन, मेमरी आणि कॅमेऱ्याचे सेन्सर. नकली फोन बनवणारा पैसे वाचवतो ते याच भागांत, म्हणून त्याला पकडायचेही याच भागांत.

अँड्रॉइड फोन आपले नाव आणि मॉडेल ‘बिल्ड डॉट प्रॉप’ नावाच्या मजकुराच्या फाइलमधून वाचतो. ही फाइल बदलली की ‘फोनबद्दल’च्या पानावर हवे ते नाव उमटते. रॅम, स्टोरेज आणि अँड्रॉइडची आवृत्ती यांचे आकडेही असेच बदलून दाखवता येतात. म्हणून फोन स्वतःबद्दल काय सांगतो यावर विसंबू नका. त्याला असे काम द्या की ते करण्यासाठी खरे हार्डवेअरच लागेल.

विकणाऱ्यासमोर वेळ कमी असतो. वजन, आयएमईआय (प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक), ग्राफिक्स चिप आणि कॅमेरे एवढे तिथेच तपासा. स्टोरेजची चाचणी वेळखाऊ आहे. ती परत करण्याची मुदत संपायच्या आत घरी करा.

१. आधी वजन करा

ही सर्वांत सोपी चाचणी, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित. प्रत्येक कंपनी आपल्या संकेतस्थळावर फोनचे वजन ग्रॅममध्ये आणि लांबी, रुंदी, जाडी मिलिमीटरमध्ये देते. कव्हर आणि सिम काढून फोन डिजिटल काट्यावर ठेवा. एक-दोन ग्रॅमचा फरक चालतो. पंधरा-वीस ग्रॅमचा फरक पडला तर आत काहीतरी वेगळे आहे.

याचे कारण मुख्यतः बॅटरी. ५००० एमएएच आणि ३.८५ व्होल्टची बॅटरी म्हणजे साधारण १९ वॉट-तास ऊर्जा. नेहमीच्या लिथियम-आयन बॅटरीत एवढी ऊर्जा साठवायला अंदाजे ७० ग्रॅम वजन लागते. बॅटरीवरचा कागद छापून बदलता येतो, वजन बदलता येत नाही. काही नकली फोनांत वजन जुळवायला धातूची पट्टी घालतात, म्हणून वजन जुळले की तपासणी संपली असे मात्र समजू नका.

२. आयएमईआय: जुळवा, आणि मोजूनही पाहा

डायलरवर *#०६# दाबा. १५ अंकी क्रमांक दिसेल. दोन सिमच्या फोनला असे दोन क्रमांक असतात. हाच क्रमांक सेटिंगमध्ये, खोक्यावर आणि सिमच्या ट्रेवर किंवा मागच्या बाजूला छापला असेल तर तिथेही जुळला पाहिजे.

पहिले ८ अंक फोनच्या मॉडेलला दिलेले असतात, पुढचे ६ त्या एका नगाचे असतात आणि शेवटचा अंक तपासणीचा. हा शेवटचा अंक घरी काढता येतो. उदाहरणार्थ ४९०१५४२०३२३७५१८ हा क्रमांक घ्या. शेवटचा ८ बाजूला ठेवा. उरलेल्या १४ अंकांपैकी दुसरा, चौथा, सहावा असे एकाआड एक अंक दुप्पट करा; दुप्पट दोन अंकी झाली तर तिचे अंक एकमेकांत मिळवा, म्हणजे ९ चे १८ आणि १८ चे १+८=९. मग मिळतात ४, ९, ०, २, ५, ८, २, ०, ३, ४, ३, ५, ५, २. बेरीज ५२. पुढच्या पूर्ण दशकाला, म्हणजे ६० ला, ८ कमी. शेवटचा अंक ८ च आहे, म्हणजे क्रमांकाची रचना बरोबर आहे. मनाने रचलेला क्रमांक या हिशोबात बहुधा फसतो.

हिशोब जुळला तरी फोन असली ठरत नाही. नकली फोनात बऱ्याचदा दुसऱ्या एखाद्या खऱ्या फोनचा आयएमईआय घातलेला असतो. म्हणून आयएमईआय तपासणाऱ्या सेवेवर तो क्रमांक टाका आणि कोणते मॉडेल येते ते हातातल्या फोनशी ताडून पाहा. हातात महागडा फोन आणि क्रमांक एखाद्या साध्या मॉडेलचा निघाला, तर पुढे तपासायची गरजच नाही.

३. चिपची उलटतपासणी

इथे मी सर्वांत जास्त वेळ द्यायला सांगेन, कारण खोटे इथेच उघडे पडते.

सीपीयू-झेड किंवा डिव्हाइस इन्फो एचडब्ल्यू यांसारखे ॲप अधिकृत स्टोअरमधून घ्या. प्रोसेसरचे नाव वाचून थांबू नका; ते बदललेले असू शकते. एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसते का ते पाहा.

क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन चिपमध्ये ग्राफिक्सचा भाग अॅड्रेनो असतो. प्रोसेसरच्या जागी स्नॅपड्रॅगन आणि ग्राफिक्सच्या जागी माली (हा दुसऱ्या कंपन्यांच्या चिपमधला ग्राफिक्सचा भाग) लिहिलेले दिसले, तर दोहोंपैकी एक खोटे आहे. नकली फोनात खूप काळ वापरली गेलेली एक चिप म्हणजे मीडियाटेकची एमटी ६५८०: चार कॉर्टेक्स-ए७ कोअर, माली-४०० ग्राफिक्स आणि फक्त ३जी मोडेम, म्हणजे मोबाइल जाळ्याशी जोडणारा भाग. ओपनजीएल ईएस आणि वल्कन ही ॲपने ग्राफिक्स चिपला चित्र काढायला सांगण्याची ठरलेली पद्धत. माली-४०० ला ओपनजीएल ईएसची २.० आवृत्तीच जमते, ३.० जमत नाही आणि वल्कन तर नाहीच. सध्याच्या महागड्या फोनच्या नावाखाली ओपनजीएल ईएस २.० दिसले, तर तो फोन तो नव्हे. नाव बदलता येते. चिपला जे जमत नाही ते फाइल बदलून जमवता येत नाही. एखादा अलीकडचा, जड ग्राफिक्सचा खेळ चालवून पाहिला तरी हेच कळेल.

तसेच अँड्रॉइडच्या आवृत्तीचे. प्रत्येक आवृत्तीला ॲपसाठी एक एपीआय क्रमांक असतो: अँड्रॉइड १४ चा ३४, १३ चा ३३, ६ चा २३. सेटिंगमध्ये १४ आणि ॲपमध्ये एपीआय २३ दिसला, तर आत जुनेच अँड्रॉइड आहे.

सेन्सरची यादीही चाळा. महागड्या फोनात जायरोस्कोप (फोनचे फिरणे ओळखणारा), होकायंत्र, प्रकाशाचा सेन्सर हे असतातच. यादीत नाव आहे पण फोन फिरवल्यावर आकडे हलत नाहीत, असेही नकलीत आढळते.

प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट’खाली प्ले प्रोटेक्ट या गूगलच्या सुरक्षा तपासणीचे प्रमाणपत्र दिसते. ते नसेल तर सावध व्हा, पण यावरून एकट्याने निकाल देऊ नका. मालकाने स्वतः दुसरी प्रणाली घातलेल्या असली फोनलाही ते मिळत नाही.

४. मेमरी भरून पाहा

५१२ जीबी लिहिलेल्या नकली फोनात प्रत्यक्षात १६ जीबी असू शकते. संगणकावरून दोनेक जीबीचा एक व्हिडिओ फोनात टाका आणि त्याच्या प्रती काढत स्टोरेज भरत न्या. फार लवकर ‘जागा संपली’ आले तर उत्तर मिळाले. काही ठिकाणी फोन तक्रार न करता लिहीत राहतो आणि नवा मजकूर जुन्यावर चढवतो. म्हणून शेवटी पहिली, मधली आणि शेवटची प्रत उघडून पूर्ण चालते का पाहा. ही चाचणी आपले फोटो फोनात घालण्याआधी करायची.

वेगही बोलका असतो. स्टोरेजच्या मेमरीचे ईएमएमसी (संथ) आणि यूएफएस (वेगवान) असे दोन प्रकार असतात. ईएमएमसी ५.१ प्रकारच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४०० मेगाबाइटच्या पलीकडे जात नाही, यूएफएस ३.१ ची मेमरी वाचताना २००० च्या आसपास पोहोचू शकते. मोजणाऱ्या ॲपमध्ये वाचण्याचा वेग दीड-दोनशेवर अडकला, तर ती मेमरी बहुधा यूएफएसची नाही.

५. स्क्रीन आणि बोट

ओलेड स्क्रीनवर काळा रंग म्हणजे बंद असलेले पिक्सेल. अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळे चित्र पडदाभर उघडा. एलसीडी असेल तर पडदा करडा उजळलेला दिसेल.

१२० हर्ट्झचा दावा तपासायला दुसऱ्या फोनने सेकंदाला २४० चित्रांच्या वेगाने, पान सरकवतानाचा व्हिडिओ घ्या. एकेक चित्र पुढे नेत पाहा: १२० हर्ट्झच्या स्क्रीनवर पान दर दोन चित्रांनंतर सरकते, ६० हर्ट्झवर चार चित्रांनंतर. ज्या फोनांत स्क्रीनचा वेग आपोआप कमी-जास्त होतो, तिथे सतत सरकवत ठेवूनच मोजा.

बोटाचा ठसा नोंदवा आणि न नोंदवलेल्या बोटाने उघडून पाहा. अनेक नकली फोन कोणत्याही बोटाला उघडतात, कारण तिथे खरा सेन्सरच नसतो.

६. कॅमेरे एकेक करून झाका

मागे चार भिंगे दिसतात, पण त्यांतली तीन नुसती काच असू शकते. कॅमेरा ॲपमध्ये वाइड, मुख्य, झूम असे बदलत जा आणि दर वेळी एकेक भिंग बोटाने झाका. एक सावधगिरी: असली फोनसुद्धा जवळच्या वस्तूसाठी किंवा कमी उजेडात झूमचे भिंग न वापरता मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र मोठे करून दाखवतो. म्हणून ही चाचणी भर उजेडात, लांबच्या वस्तूवर करा.

मेगापिक्सेलचा आकडा फुगवताही येतो. ८ मेगापिक्सेलचे चित्र ताणून ५० चे करता येते. बारीक छापील मजकुराचे पान थोडे लांब ठेवून फोटो घ्या आणि पूर्ण मोठा करा. आकडा मोठा आणि अक्षरे पुसट, तर चित्र ताणलेले आहे.

७. नेटवर्क

वर ‘५जी’ दिसणे हे नुसते चित्र असू शकते. बऱ्याच अँड्रॉइड फोनांवर *#*#४६३६#*#* दाबल्यावर चाचणीचे पान उघडते. काही कंपन्यांनी ते बंद ठेवले आहे. पान उघडले तर त्यावर एलटीई म्हणजे ४जी, एनआर म्हणजे ५जी, यूएमटीएस किंवा एचएसपीए म्हणजे ३जी. ५जी जाळे ४जीच्या आधाराने चालत असेल तर असली फोनही एलटीई दाखवू शकतो. वर ५जीचे चिन्ह आणि आत कायम यूएमटीएस किंवा एचएसपीए दिसत असेल तर मात्र मोडेम ३जीचा आहे.

आयफोनसाठी वेगळे

नकली आयफोन म्हणजे बहुतेक वेळा आयफोनसारखे रूप दिलेला अँड्रॉइड. ॲप स्टोअर उघडा. आत गूगलचे दुकान निघाले की विषय संपला. संगणकाला जोडला तर असली आयफोन फाइंडर, आयट्यून्स किंवा ॲपल डिव्हाइसेसमध्ये आयफोन म्हणूनच दिसतो.

फेस आयडी असलेले मॉडेल असेल तर ते मिट्ट काळोखात, स्क्रीनचा उजेड अगदी कमी करून वापरून पाहा. असली फोन ३०,००० हून अधिक अदृश्य इन्फ्रारेड ठिपके चेहऱ्यावर टाकतो, त्याला उजेड लागत नाही. नकलीत साधा सेल्फी कॅमेरा असतो आणि तो अंधारात गडबडतो.

जुना आयफोन घेताना ‘अबाउट’मधल्या मॉडेल क्रमांकाचे पहिले अक्षर पाहा. एम म्हणजे नवा विकलेला, एफ म्हणजे दुरुस्त करून पुन्हा विकलेला, एन म्हणजे बदली दिलेला. आयफोन १२ आणि त्यानंतरच्या मॉडेलांत बॅटरी, डिस्प्ले किंवा कॅमेरा बदलला असेल तर त्याची नोंद त्याच पानावर दिसते. भाग बदललेला फोन नकली नसतो. किंमत ठरवताना ते धरा, एवढेच.

असली फोनवर उगाच संशय नको

हार्डवेअरच्या मर्यादा माहीत नसल्या की चांगला फोनही खोटा वाटतो. १२८ जीबीचा फोन ११९ दाखवू शकतो, कारण कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि काही प्रणाली १०२४ च्या. त्यात अँड्रॉइड स्वतः बरीच जागा घेते. ८ जीबी रॅममधले साडेसातच्या आसपास दिसले तर उरलेले मोडेम, ग्राफिक्स आणि प्रणालीच्या गाभ्याने राखून ठेवलेले असते. ‘८+८ जीबी’मधला दुसरा आठ हा स्टोरेजचा उसना तुकडा आहे, तो रॅमपेक्षा कितीतरी संथ असतो आणि कोणतेही ॲप खरी रॅम वाढवू शकत नाही.

५० किंवा २०० मेगापिक्सेलचा असली कॅमेराही अनेकदा १२ मेगापिक्सेलचे फोटो देतो, कारण शेजारचे पिक्सेल एकत्र करून तो जास्त प्रकाश गोळा करतो. खेळ सुरू केल्यावर काही मिनिटांनी वेग कमी होणे हेही स्वाभाविक आहे: पंखा नसलेल्या पातळ पेटीतून उष्णता बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून चिप स्वतःचा वेग उतरवते. आणि ३२-बिट प्रणाली दिसली म्हणून फोन नकली ठरत नाही. कमी रॅमच्या काही असली फोनांत ती मुद्दाम ठेवतात. मात्र ३२-बिट पत्त्यात ४,२९,४९,६७,२९६ बाइट्सच मोजता येतात, म्हणजे ४ जीबी. अशा प्रणालीवर ‘१२ जीबी रॅम’ दिसली तर तो आकडा जवळजवळ नक्कीच रंगवलेला आहे.

नकली निघाला तर

त्यात बँकेचे ॲप, ईमेल किंवा सिमवर येणारे ओटीपी ठेवू नका. ट्रायडा नावाचा घातक प्रोग्राम कॅस्परस्कीने २०१६ मध्ये उघडकीस आणला. २०२५ मध्ये त्याच कंपनीला तो नकली अँड्रॉइड फोनांच्या प्रणालीतच आधीपासून घातलेला आढळला. प्रणालीत बसलेली अशी गोष्ट फॅक्टरी रीसेटने जात नाही. म्हणून आधी सिम काढा, दुसऱ्या विश्वासू फोनवरून किंवा संगणकावरून सगळे पासवर्ड बदला आणि खात्यांतून हा फोन काढून टाका. आयएमईआयचे पान, चिपची माहिती आणि काट्यावरचे वजन यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून ठेवा. पैसे परत मागताना तेच पुरावे लागतील. फोन परत जाईपर्यंत रात्री उशाशी चार्जिंगला लावू नका, त्यातल्या बॅटरीत जादा चार्जिंग थांबवणारे सर्किट असेलच असे नाही. आणि परत घ्यायला कोणी तयार नसेल तर तो पुढे विकू नका; ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात बॅटरीसकट जमा करा.