कॉस्मिक किरण घरी मोजायचेत? एका गायगर ट्यूबने (किरण आला की वाजणाऱ्या नळीने) होत नाही

गच्चीवर गायगर काउंटर ठेवायचा, आकडा दाखवायचा आणि "हे बघा कॉस्मिक रेडिएशन" म्हणायचं, असले व्हिडिओ बघून डोकं फिरतं. त्या आकड्यातला मोठा वाटा जमिनीतल्या, विटांमधल्या, ओट्याच्या ग्रॅनाइटमधल्या युरेनियम-थोरियम-पोटॅशियमचा असतो. पाऊस पडला की रीडिंग चढतं तेही आकाशातून काही अवतरलं म्हणून नाही, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या विघटनातून झालेली पिल्लावळ पाण्याबरोबर खाली येते आणि तास-दोन तासांत ओसरते.

कॉस्मिक किरणांतून जमिनीपर्यंत पोचतात ते मुख्यतः म्युऑन (कॉस्मिक किरण हवेवर आदळून तयार होणारे कण, इलेक्ट्रॉनचे जड भाऊ), समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरला मिनिटाला साधारण १. म्युऑन शिशातून आरपार जातो, बीटा जात नाही, गॅमाही बराचसा अडतो. म्हणून दोन ट्यूब एकावर एक ठेवायच्या, मधे शिसं, आणि दोन्ही एकाच क्षणी वाजल्या तरच मोजायचं.

एसबीएम-२० या मॉडेलच्या दोन गायगर ट्यूब घ्या, त्यांना ४०० व्होल्ट लागतात, चालू असताना हात लावू नका. आडव्या, समांतर, चार-पाच सेंटिमीटर अंतरावर बसवा. मधे दोन-तीन सेंटिमीटर शिसं, हातमोजे घालून.

आता खरी डोकेदुखी, कोइन्सिडन्स, म्हणजे दोन्ही ट्यूब एकाच क्षणी वाजल्या की नाही हे ओळखणं. मी इथेच बराच काळ अडकलो होतो. बहुतेक ठिकाणी सांगतात की दोन्ही ट्यूब एकाच हाय व्होल्टेज सप्लायवर लावा आणि सिग्नल अँड गेटला (दोन्ही सिग्नल एकाच वेळी आले तरच होकार देणाऱ्या सर्किटला) द्या, झालं. नाही झालं! एक ट्यूब वाजली की सप्लाय हलतो, त्याचा धक्का दुसऱ्या चॅनेलला बसतो आणि तुम्हाला भरघोस "म्युऑन" मिळायला लागतात. दोन वेगळे सप्लाय वापरा, ते जमत नसेल तर निदान प्रत्येक ट्यूबला वेगळा रेझिस्टर आणि वेगळा फिल्टर कपॅसिटर द्या. ट्यूब वाजली की निघणारा पल्सही आधी छोटा करून घ्या, १०० मायक्रोसेकंद पुरे.

मग टेस्ट, ही टाळू नका. वायरिंगला हात न लावता ट्यूब शेजारी-शेजारी पण चार फूट लांब ठेवा. आता मिळतात ते जवळपास सगळे योगायोग, आणि त्यांचा हिशोब सोपा आहे, २ गुणिले पल्सची लांबी (सेकंदात) गुणिले एका ट्यूबचे सेकंदाचे काउंट गुणिले दुसरीचे. ट्यूब मिनिटाला २० वेळा वाजत असतील तर दिवसाला दोनेक येतात. तासाला दहा-वीस येत असतील तर सर्किट खोटं बोलतंय, पुढे जाऊ नका. हे जमलं की पूर्ण स्टॅक ९० अंशात आडवा करा. म्युऑन वरून जास्त येतात, त्यामुळे काउंट चांगलाच पडायला हवा, नाही पडला तर तुम्ही भलतंच काहीतरी मोजताय.

एवढ्या ट्यूबला मिनिटाला एकाच्या आसपास म्युऑन मिळतात, कधी कमीच. १०० काउंटला चूक १० टक्के, १ टक्का हवी तर १०,००० काउंट, म्हणजे आठवडाभर किंवा जास्त चालू ठेवा. तासाभराचे ग्राफ कृपया पाठवू नका.

या काउंटला कुठल्यातरी फॅक्टरने गुणून मायक्रोसीव्हर्ट (शरीराला मिळणाऱ्या डोसचं एकक) काढू नका. तो फॅक्टर गॅमा सोर्सवरून काढलेला असतो आणि न्यूट्रॉन तर या ट्यूबला जवळपास दिसतच नाहीत. आपल्याकडे समुद्रसपाटीला म्युऑन वगैरेंचा डोस तासाला साधारण ३० नॅनोग्रे (ग्रे म्हणजे शोषलेल्या ऊर्जेचं एकक), वर्षाला पाव मिलिसीव्हर्टच्या आसपास, तोच धरा आणि आपल्या यंत्राने तुलना करा. मुंबईत मोजा, मग तोच डबा महाबळेश्वरला न्या, आकडा वाढलेला दिसेल. फक्त दोन्हीकडे डोक्यावर स्लॅब नको, आणि एकाच जागी दोन दिवसांची तुलना करताना हवेचा दाब लिहून ठेवा, दाब १ हेक्टोपास्कल वाढला की म्युऑन ०.१ ते ०.२ टक्के कमी होतात.