खळ्यात क्योगेन कसं बसवायचं

मे महिन्यात चाकरमान्यांची पोरं वाडीत येतात आणि चौथ्या दिवशी कंटाळतात. आंबे खाऊन होतात, समुद्रात डुंबून होतं, मग पडवीत आडवं होऊन मोबाईल. चार वर्षांपूर्वी मी त्यांतल्या तिघा-चौघांना धरलं आणि 'बुसु' बसवायला घेतलं. बुसु हे क्योगेन, म्हणजे जुन्या जपानमधलं विनोदी नाटुकलं. तीन पात्रं, अर्ध्या तासाचा खेळ. तेव्हापासून दर मे महिन्यात आमच्या खळ्यात एक खेळ होतो आणि आसपासच्या वाड्यांतून निरोप येतात, "बाई, आमकाय सांगा." म्हणून लिहायला बसले. मी प्राथमिक शाळेतली निवृत्त शिक्षिका, वडील दशावतारात पेटी वाजवायचे. जपान पाहिलेला नाही. पुस्तकं आणि यूट्यूबवरचे प्रयोग, एवढीच शिदोरी.

पहिलं सांगणं असं, की हौसेला भुलून नो नाटकाला हात घालू नका. नो आणि क्योगेन ही एकाच रंगमंचावरची भावंडं. १३७४च्या सुमारास शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी सत्ताधीश, आशिकागा योशिमित्सुने कान्नामी आणि त्याचा पोरगा झेआमी यांचा खेळ पाहिला, खूश होऊन आश्रय दिला, आणि नो दरबारात गेलं. पुढे झेआमीने नाटकं लिहिली, नटाने कसं शिकावं यावर ग्रंथ लिहिला, आणि १४३४ मध्ये, म्हातारपणी, त्याला सादो बेटावर हद्दपार व्हावं लागलं. नोमध्ये मुखवटा, आठ जणांचं गायकवृंद, बासरी, ढोल आणि एकेका पावलाला लागणारा वेळ. तिथे पोरं झोपतात. खरं सांगायचं तर पहिल्यांदा मीही झोपले. दोन नोंच्या मध्ये क्योगेन होतं. तिथे मुखवटा बहुधा नसतो, भाषा रोजच्या बोलण्याची, आणि पात्रं म्हणजे मालक, गडी, नवरा-बायको, ढोंगी साधू. सुरुवात तिथून करावी.

तरीसुद्धा तालमीच्या पहिल्या दिवशी मी पोरांना एका नोची गोष्ट सांगतेच. 'आत्सुमोरी', झेआमीचं. ११८४ मध्ये इचिनोतानीच्या किनाऱ्यावर लढाई झाली. हरलेल्या ताइरा घराण्यातला सोळा-सतरा वर्षांचा आत्सुमोरी घोडा पाण्यात घालून होड्यांकडे निघाला होता. कुमागाई नावाच्या योद्ध्याने त्याला हाक मारून परत बोलावलं, खाली पाडलं, शिरस्त्राण काढलं, तर आपल्याच मुलाच्या वयाचा पोर. सोडून द्यावंसं वाटलं, पण मागून आपलेच लोक येत होते. मारलं. कमरेला बासरी सापडली. हे सगळं 'हेइके मोनोगातारी' या ताइरा घराण्याच्या युद्धकथेत आहे. आंधळे गायक बिवा हे तंतुवाद्य वाजवत गावोगाव ते गात असत. आपल्याकडे अभिमन्यू पडतो तिथे आख्यान शिगेला पोचतं, बायका पदर डोळ्यांना लावतात. झेआमी मात्र नाटक तिथून पुढे सुरू करतो. कुमागाई भिक्षू झालाय, त्याच किनाऱ्यावर प्रार्थनेला आलाय, आणि गवत कापणाऱ्यांमधला एक जण मागे थांबतो. तो आत्सुमोरीच, म्हणजे त्याचं भूत. मी हे संध्याकाळी पुळणीवर बसून सांगते. दुसऱ्या दिवशी हसवायचं काम जास्त गांभीर्याने होतं, हा माझा अनुभव.

आता जागा. नोचा रंगमंच चौकोनी, बाजू साधारण अठरा फूट. आमचं खळं तेवढं भरतं. सारवलेल्या जमिनीवर चुन्याने रेघ मारा. प्रेक्षकांच्या डाव्या हाताला मागून तिरका येणारा पूल असतो, हाशिगाकारी. पात्र त्यावरून येतं आणि त्यावरूनच जातं. आम्ही पडवीच्या पायरीपासून चौकोनापर्यंत दोन समांतर रेघा मारतो, झाला पूल. पुलाशेजारी पाइनची तीन रोपं असतात, मंचाजवळचं मोठं, मग लहान, मग आणखी लहान, म्हणजे पूल लांब वाटतो. आम्ही रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून सुरूच्या फांद्या खोचतो. मागच्या भिंतीवर एक जुनं पाइनचं झाड रंगवलेलं असतं. ते आम्ही सोडून दिलं, कारण मागे आमचा खरा फणस उभा आहे. पुलाच्या तोंडाला पाच रंगांचा पडदा असतो, तो खालच्या दोन कोपऱ्यांना काठ्या लावून आतल्या बाजूला वर उचलतात. जुनी नऊवारी आणि दोन बांबू घ्या. पडदा उचलायचं काम सगळ्यात लहान पोराला द्या. तो ते जीव ओतून करतो.

बुसुची मूळ गोष्ट १२८३ सालच्या 'शासेकिशू' या बौद्ध कथासंग्रहातल्या कंजूष भिक्षूच्या गोष्टीशी जुळते. नाटकात मालक बाहेर निघतो आणि दोन गड्यांना, तारो काजा आणि जिरो काजा यांना, एक भांडं दाखवून सांगतो की यात बुसु आहे, जालीम विष, त्याच्यावरून येणारा वारासुद्धा मारतो. असते साखर. त्या काळी जपानमध्ये साखर म्हणजे चैन. गडी ती खाऊन टाकतात. मग मालकाचं मोलाचं चित्र फाडतात, चहाचं मौल्यवान भांडं फोडतात, आणि मालक आल्यावर गळा काढतात. आम्ही जागं राहायला कुस्ती खेळत होतो, त्यात हे फुटलं, प्रायश्चित्त म्हणून बुसु खाल्लं, पण मेलो नाही!

बुसु म्हणजे बचनागाचं मूळ. आमच्या प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्यांना काजऱ्याचं विष जास्त ओळखीचं, म्हणून आमच्या खेळात डब्यात 'काजरो' आहे आणि आत असते काकवी. साखरेचा आज कोणाला मोह? काकवी मात्र बोटाला लागते, हनुवटीवर ओघळते, आणि पोरं खरंच चाटून खातात. भांडं म्हणून धान्याचा उंच पत्र्याचा डबा घ्या. गड्यांची नावं आम्ही बाबलो आणि पांडगो ठेवली. संवाद मालवणीत तुम्ही स्वतःच करा, कोणाचं छापील भाषांतर उचलू नका.

आता खरी मेहनत. क्योगेनमधलं पात्र येतं, प्रेक्षकांकडे तोंड करून उभं राहतं आणि सांगतं, मी या आसपास राहणारा माणूस. नाव नाही, गाव नाही. "मी हयसरच ऱ्हवणारो एक माणूस." हे एक वाक्य मी दोन दिवस घोटून घेते. आवाज पोटातून, शब्द सुटे, हात मांडीशी, कंबर किंचित खाली. पाय उचलायचा नाही, घासत सरकवायचा. डोक्यावर हंडा घेऊन विहिरीवरून येणारी बाई आठवा म्हटलं की मुलींना लगेच जमतं, मुलगे हंडा सांडतात. सारवलेल्या जमिनीवर मोजे घालता येत नाहीत, म्हणून सरकण्याची तालीम माझ्या माजघरातल्या शहाबादी फरशीवर होते. प्रवास दाखवायचा तर चौकोनात एक फेरी मारायची आणि "पोचलंय" म्हणायचं. इथे आपली पोरं तरबेज असतात. दशावतारात एका बाकड्यावर कैलास, लंका आणि राजवाडा पाहिलेली जात आपली.

पण दशावताराची दुसरी सवय घात करते. आपल्याकडे लिहिलेली संहिता नसते, नट ऐन वेळी बोलतो, आणि तीच त्याची शान. पहिल्या वर्षी मालक झालेल्या पोराने निघताना सरपंच, मोबाईलचा रिचार्ज, मुंबई-गोवा हायवेचे खड्डे सगळं घेतलं. टाळ्या पडल्या. अर्ध्या तासाचा खेळ पाऊण तासावर गेला आणि चाटायच्या प्रसंगापर्यंत पुढच्या रांगेतली मुलं पेंगली. क्योगेनमध्ये हसणं-रडणंसुद्धा ठरीव असतं. रडायचं म्हणजे कमरेत वाकून हात डोळ्यांसमोर धरायचा, सूर लावायचा. ते खरं वाटायला नको, म्हणूनच हसू येतं. आता माझा नियम आहे, तालमीत काय वाटेल ते बोला, शेवटचे चार दिवस एक अक्षर जास्त नाही.

वारा घालायचा प्रसंग हा या नाटकाचा प्राण. गड्यांना डबा बघायचाय, पण विषावरचा वारा अंगावर यायला नको. म्हणून दोघं पंखा हलवत पुढे सरकतात. "घाल वारो!" "घालतंय, घालतंय!" जपानीत हीच जुगलबंदी 'आओगे, आओगे' आणि 'आओगु झो, आओगु झो' अशी आहे. सगळी पोरं पहिल्यांदा स्वतःला वारा घालतात. त्यांना थांबवा. वारा डब्याकडे ढकलायचा, विष परतवायचं. तीन पावलं पुढे, झाकणाला बोट लागलं की दोघं एकदम पळत मागे. हे तीनदा. दर खेपेला पंख्याची लय वाढवा. झेआमीने लयीचे तीन टप्पे सांगितलेत, जो, हा, क्यू, म्हणजे संथ आरंभ, मग फोड, मग घाई. आमच्या वडिलांनी याला ठाय, मध्य, द्रुत म्हटलं असतं आणि पायपेटीवर पाय वाढवला असता. जपानी नट घडीचा पंखा वापरतात आणि त्यानेच साखर उकरतात. आम्ही पोफळीच्या विरीचे पंखे कापतो. काकवी उकरायला ते झकास.

आणि भांडं खरं फोडू नका! पहिल्या वर्षी मी जुन्या बरणीचं झाकण फोडायला दिलं. एक कपची बाबल्याच्या टाचेत गेली, ते एक, पण त्याहून वाईट म्हणजे सगळे प्रेक्षक नटाला सोडून जमिनीकडे बघायला लागले. क्योगेनमध्ये चित्र नसतं, भांडंही नसतं. नट रिकाम्या हातांनी फाडतो आणि तोंडाने आवाज करतो, 'सारारी, सारारी, बास्सारी'. भांड्याला 'ग्वारारीऽऽन, चीऽऽन'. दुसऱ्या वर्षी बाबल्याने दोन्ही हात डोक्यावर नेले, क्षणभर थांबला, आणि "खळ्ळऽऽ... टिण" केलं. ते शेवटचं टिण त्याने इतक्या हळू घेतलं की शेजारच्या काकी म्हणाल्या, "गो बाय, फुटला मा ता!" मग खळं हसलं.

शेवटाला गडी गाऊन कबुली देतात. "एक घास खाल्लो, मेलंव नाय. दोन घास खाल्ले, तरी मेलंव नाय." असं पाच, दहा, डबा संपेपर्यंत. याला चाल लावा, आपल्या आरतीची असली तरी चालेल. मग मालक "सोडूचंय नाय, सोडूचंय नाय!" करत पुलावरून त्यांच्या मागे धावतो आणि खेळ संपतो. वाकून नमस्कार नाही, पात्रपरिचय नाही. हे पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पोराचं नाव घेतलं नाही म्हणून रुसतात.

एक खेळ जमला की पोरं विचारतात, पुढे काय? काबुकी, म्हणजे जपानचं थाटामाटाचं नाचगाण्याचं नाटक, मी टाळते. १६०३ मध्ये क्योतोत ओकुनी नावाच्या बाईने सुरू केलं, १६२९ मध्ये बायकांनाच मंचावरून काढलं, मग पुरुषच स्त्रिया झाले. हे ऐकून आमचे दशावतारी हसतात. पण त्याचा थाट खळ्यात मावत नाही. बाहुल्या आवडत असतील तर आधी पिंगुळीला जाऊन ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्या बघून या, मग बुनराकुची, म्हणजे जपानी बाहुलीनाट्याची, चित्रफीत लावा. तिथे एका बाहुलीला तीन माणसं लागतात, एकाकडे डोकं आणि उजवा हात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. चिकामात्सु या नाटककाराने १७०३ मध्ये एका दुकानातला नोकर आणि गणिका यांच्या खऱ्या आत्महत्येवर याच रंगभूमीसाठी नाटक लिहिलं. मोठ्या मुलांनाच दाखवा.

यंदा मोठी पोरं मिशिमा या आधुनिक जपानी लेखकाच्या मागे लागली आहेत. कान्नामीच्या नावावर असलेलं 'सोतोबा कोमाची' नावाचं जुनं नो आहे, एके काळच्या सुंदर कवयित्रीचं म्हातारपण. मिशिमाने ते विसाव्या शतकात आणून शहरातल्या बागेत बसवलं. १९५६ च्या त्याच्या आधुनिक नो नाटकांच्या पुस्तकात ते आहे. म्हातारी बागेत सिगारेटची थोटकं गोळा करते आणि प्रेमिकांना बाकड्यावरून उठवते. प्रयोग करायचा तर परवानगीचं बघावं लागेल, तूर्त घरातल्या घरात वाचन चाललंय. बाकडं वडिलांच्या वेळचं आहे, एका पायाखाली करवंटी सरकवली की डगमगत नाही. म्हातारी व्हायला मात्र एकही मुलगी तयार नाही. काल पांडगो म्हणाला, "बाई, मी व्हतंय," आणि पडवीत जाऊन आजीचं लुगडं शोधायला लागला.