लेझर प्रिंटर घेताय? आधी कार्ट्रिज बघा, मग प्रिंटर

प्रिंटरच्या खोक्यावर वेग, वाय-फाय आणि डीपीआय (एका इंचात किती ठिपके छापतो तो आकडा) मोठ्या अक्षरांत छापलेले असतात. पुढची चार-पाच वर्षं खिशातून किती जाणार हे ज्या आकड्यावर ठरतं, तो मात्र शोधावा लागतो. एक कार्ट्रिज, म्हणजे छपाईची पावडर भरलेला डबा, किती पानं देतं, हा तो आकडा. मी पहिला लेझर प्रिंटर घेतला तेव्हा तिकडे पाहिलंच नव्हतं. दुसरं कार्ट्रिज आणायला गेलो तेव्हा कळलं, की अशा दोन कार्ट्रिजच्या पैशांत नवा प्रिंटर आला असता. नाकापेक्षा मोती जड!

तेव्हापासून कुणी विचारलं की मी उलट्या क्रमाने सांगतो. आधी आपली पानं मोजायची, मग कार्ट्रिज पारखायचं, आणि त्या कार्ट्रिजवर चालणारा प्रिंटर सगळ्यांत शेवटी निवडायचा.

पायरी १: लेझरच हवा ना?

लेझर प्रिंटरमध्ये शाई नसते. प्लॅस्टिकची अतिशय बारीक पावडर असते, तिला टोनर म्हणतात. लेझरचा किरण ड्रम नावाच्या विद्युतभारित नळकांड्यावर पानाचं न दिसणारं चित्र काढतो, त्या चित्राला पावडर चिकटते, ड्रमवरून ती कागदावर उतरते आणि सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलेल्या रुळांमधून जाताना वितळून कागदावर पक्की बसते. पान हातात गरम येतं ते यामुळेच, आणि पाण्याचा थेंब पडला तरी अक्षर फुटत नाही तेही यामुळेच.

घरासाठी यातला मोठा फायदा असा, की पावडर वाळत नाही. शाई फवारणारा इंकजेट प्रिंटर दोन महिने पडून राहिला की त्याची छिद्रं बुजतात आणि ती साफ करण्यातच शाई संपते. लेझर तसाच पडून राहिला तरी चालू केल्यावर पहिलं पान नीट येतं. अर्ज, पत्रं, बिलं, मुलांचे सरावाचे कागद अशी मजकुराची आणि अधूनमधूनची छपाई असेल तर लेझरसारखं सोयीचं काही नाही.

फोटो छापायचे असतील तर मात्र लेझरच्या नादी लागू नका. इंकजेटसाठी बनवलेला चकचकीत फोटो पेपर तर यात घालूच नका. त्याचा थर उष्णतेने वितळून रुळांना चिकटू शकतो. चिकटवायची लेबलंही ‘लेझरसाठी’ असं लिहिलेलीच घ्यावीत.

पायरी २: महिन्याची पानं मोजा

अंदाज बांधू नका, खरंच मोजा. एक रीम म्हणजे ५०० कागद. मागची रीम किती आठवडे पुरली? घरात प्रिंटरच नसेल तर गेल्या दोन-तीन महिन्यांत बाहेरून किती प्रिंट काढल्या ते आठवा आणि त्याच्या दुप्पट धरा, कारण प्रिंटर घरात आला की छपाई वाढते. परीक्षा किंवा हिशेबाच्या महिन्यात आकडा फुगत असेल तर तोही वेगळा लिहून ठेवा.

माहितीपत्रकात ‘मंथली ड्यूटी सायकल’ म्हणून १०,००० किंवा १५,००० पानं असा मोठा आकडा दिसेल. तो एखाद्या महिन्यात यंत्र जास्तीत जास्त किती ओढू शकेल याचा आहे, रोजच्या कामाचा नव्हे. बघायचा तो ‘रेकमेंडेड मंथली पेज व्हॉल्यूम’, म्हणजे महिन्याला किती पानं छापावीत याची कंपनीची शिफारस. तो बराच लहान असतो आणि बराच खरा असतो. तुमची पानं त्याच्या आत बसली की पुरे.

पायरी ३: कार्ट्रिज पारखा

इथे घाई करू नका. बाकी सगळं जमून आलं आणि हे चुकलं, तर स्वस्त प्रिंटर महागात पडतो.

पहिली गोष्ट म्हणजे प्रिंटरसोबत येणारं कार्ट्रिज बहुधा ‘स्टार्टर’ असतं, म्हणजे अर्धवट भरलेलं. ते ५००-७०० पानांतच आटोपू शकतं. खोक्यातलं कार्ट्रिज किती पानांचं आणि पुढे विकत मिळणारं किती पानांचं, हे दोन आकडे वेगवेगळे विचारा.

दुसरी गोष्ट, हे आकडे येतात कुठून? काळ्या टोनरसाठी आयएसओ/आयईसी १९७५२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. ठरावीक नमुना पान सलग छापून कार्ट्रिज किती पुरतं ते मोजतात. त्या पानावर सुमारे ५ टक्केच भाग काळा असतो, म्हणजे एखादं छोटं पत्र. मजकुराने खचाखच भरलेलं पान किंवा कोष्टकांच्या काळ्या पट्ट्या छापल्या तर पानं साहजिकच कमी मिळतात. तरीही सगळ्या कंपन्यांना एकच माप लागत असल्याने तुलनेसाठी हा आकडा चांगला आहे. मात्र त्याच्यापुढे मानकाचा क्रमांक आहे ना, हे पाहा.

आता हिशेब. चलन कुठलंही असो, स्वस्त प्रिंटरची किंमत १०० धरा. त्याचं कार्ट्रिज ६० ला आणि १,००० पानांचं. दुसरा प्रिंटर १४० चा, पण त्याचं मोठं कार्ट्रिज ८० ला ३,००० पानांचं. दोन्हींबरोबर ७०० पानांचं स्टार्टर आहे. महिन्याला २०० पानं म्हणजे तीन वर्षांत ७,२००. त्यातली ७०० वजा केली की ६,५०० उरतात. पहिल्याला सात कार्ट्रिज लागतील, म्हणजे ४२०, आणि प्रिंटर धरून ५२०. दुसऱ्याला तीन कार्ट्रिज, २४०, आणि प्रिंटर धरून ३८०. वर शेवटच्या कार्ट्रिजमध्ये अडीच हजार पानांची पावडर शिल्लकच.

पण हाच हिशेब महिन्याला १५ पानं छापणाऱ्याने करावा. तीन वर्षांत ५४० पानं. दोघांचंही स्टार्टरच संपत नाही. त्याच्यासाठी १०० चा प्रिंटरच बरा. पानं आधी मोजायची ती एवढ्यासाठीच.

तिसरी गोष्ट ड्रम. काही प्रिंटरमध्ये टोनर आणि ड्रम एकाच कार्ट्रिजमध्ये असतात. एचपी आणि कॅननच्या पुष्कळ मॉडेलांत असं असतं. टोनर संपला की ड्रमही बदलला जातो. त्यामुळे कार्ट्रिज महाग पडतं, पण छपाई दर वेळी नव्यासारखी होते. ब्रदरसारख्या कंपनीच्या प्रिंटरमध्ये ड्रम वेगळा असतो. टोनर पानामागे स्वस्त पडतो आणि १०-१२ हजार पानांनी एकदा ड्रम घ्यावा लागतो. तिसरा प्रकार म्हणजे टाकीत पावडर ओतण्याचा. रोज बरीच छपाई असलेल्या छोट्या कार्यालयाला तो परवडतो, मात्र पुन्हा भरायची पावडर आपल्याकडे सहज मिळते ना, ते आधी बघा. वेगळा ड्रम असला की त्याची किंमत भागिले पानं हेही हिशेबात धरा. आणखी एक: एकेक पान सुटं छापत राहिलं की दर वेळी ड्रम जास्तीचा फिरतो आणि लवकर झिजतो. शक्य असेल तेव्हा पाच-दहा पानं एकदम काढावीत.

चौथी गोष्ट आहे चिप. बहुतेक नव्या कार्ट्रिजवर बारीक चिप असते आणि तिच्यावरून प्रिंटर कार्ट्रिज कंपनीचं आहे की नाही ते ओळखतो. काही प्रिंटर फर्मवेअर (प्रिंटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट झाल्यावर इतर कंपन्यांची कार्ट्रिज नाकारू लागतात. एचपी प्लस योजनेत घेतलेल्या प्रिंटरला तर इंटरनेट कायम जोडलेलं लागतं आणि एचपीचीच मूळ कार्ट्रिज चालतात. ज्याला हे पटतं त्याने जरूर घ्यावा, पण खरेदीनंतर कळण्याची ही बाब नव्हे.

दुसऱ्या कंपनीचं किंवा रिफिल केलेलं टोनर वापरावं का? माझं मत असं, की वॉरंटी असेपर्यंत मूळच वापरा. नंतर, ड्रम वेगळा असेल तर इतर टोनर वापरून पाहायला हरकत नाही. खराब भरलेलं कार्ट्रिज गळतं, आणि आतल्या चाकांमध्ये सांडलेली पावडर काढणं हे जिकिरीचं काम आहे.

पायरी ४: रंगीत हवा का?

रंगीत लेझरला चार टोनर लागतात: निळसर सायन, मॅजेंटा, पिवळा आणि काळा. चारही एकदम बदलायची वेळ आली की डोळे पांढरे होतात. पुष्कळ रंगीत प्रिंटर रंग जुळवण्यासाठी स्वतःच थोडा टोनर खर्च करतात, त्यामुळे नुसता मजकूर छापला तरी रंग हळूहळू उतरतात. महिन्यातून दोन-चारच रंगीत पानं लागत असतील तर ती बाहेरून काढून घ्या आणि घरी काळा-पांढरा ठेवा.

(जाता जाता एक गंमत. अनेक रंगीत लेझर प्रिंटर प्रत्येक पानावर नुसत्या डोळ्यांना न दिसणारे पिवळे ठिपके छापतात. झेरॉक्सच्या एका प्रिंटरचे असे ठिपके २००५ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या डिजिटल हक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेने उलगडले. त्यांत छपाईची तारीख, वेळ आणि यंत्राचा क्रमांक होता.)

पायरी ५: वेग आणि डीपीआयवर भुलू नका

एचपीचा पहिला लेझरजेट १९८४ मध्ये ३,४९५ डॉलरला आला, तेव्हा तो मिनिटाला ८ पानं, ३०० डीपीआयने छापत असे, आणि कार्यालयं त्यावर खूश होती. आजचा साधा प्रिंटरही मिनिटाला २० पानं, ६०० डीपीआयने सहज काढतो. मजकुराला एवढं पुरतं. घरात आपण बहुधा एक-दोनच पानं छापतो, म्हणून पहिलं पान किती सेकंदांत बाहेर येतं हा आकडा जास्त कामाचा.

पायरी ६: पाठपोट छपाई, स्कॅनर आणि कागद

आपोआप पाठपोट छापणारा प्रिंटर थोडा महाग असला तरी घ्या. कागद निम्मा लागतो, फाइल निम्मी होते. बारीक अक्षरांत ‘मॅन्युअल डुप्लेक्स’ लिहिलं असेल तर पानं तुम्हालाच उलटून पुन्हा ट्रेमध्ये घालावी लागणार. ती एकदा तरी उलटी जातातच.

झेरॉक्स किंवा स्कॅन लागत असेल तर ऑल-इन-वन घ्या. ओळखपत्र, पासबुक, पुस्तक यांना काचेचा स्कॅनर हवा. वीस-वीस पानांचे गठ्ठे स्कॅन करत असाल तर वर कागद ओढणारा एडीएफ हवा. नुसता मोबाइलने काढलेला स्कॅन चालतो अशा घरात या सगळ्यावर खर्च करू नये.

ट्रेमध्ये १५० कागद बसतात की २५०, आणि तो बंदिस्त आहे की उघडा, हेही पाहा. उघड्या ट्रेमधल्या कागदावर धूळ बसते आणि दमट हवेत कागद अडकू लागतो. पाकिटं किंवा जाड कागद छापणार असाल तर समोर एकेक कागद घालायची फट आणि कमाल किती जीएसएमचा (जीएसएम म्हणजे चौरस मीटरमागे कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद चालतो, ते तपासा.

पायरी ७: जोडणी

फोनवरून छपाई हवी तर आयफोनसाठी एअरप्रिंट आणि अँड्रॉइडसाठी मोप्रिया चालतं का, एवढं बघितलं की कंपनीच्या ॲपवाचून काम होतं. स्वस्त मॉडेलांचं वाय-फाय बऱ्याचदा फक्त २.४ गिगाहर्ट्झचं असतं. राउटरवर तो पट्टा बंद असेल तर प्रिंटर नेटवर्क शोधतच बसतो. कार्यालयात चार संगणक एकाच प्रिंटरवर असतील तर नेटवर्क केबलचं तोंड असलेला घ्या, रोजची कटकट वाचेल. यूएसबी केबल खोक्यात असेलच असं नाही.

काही प्रिंटरना पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट या पानाची मांडणी सांगणाऱ्या भाषा कळत नाहीत. पानाची सगळी मांडणी संगणकातला ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअरच, करून देतो. तुमच्याकडे लिनक्स किंवा जुना संगणक असेल तर त्यासाठी ड्रायव्हर आहे याची खात्री करूनच पैसे द्या.

पायरी ८: वीज आणि जागा

रूळ तापताना प्रिंटर काही क्षण हजार वॉटच्या आसपास वीज ओढू शकतो. दिवा क्षणभर मंद होतो तो यामुळे. संगणकाच्या छोट्या यूपीएसला लेझर प्रिंटर कधीही जोडू नका, सरळ भिंतीतल्या सॉकेटला जोडा. झोपेच्या अवस्थेत मात्र तो अगदी थोडे वॉट खातो. मागचं झाकण उघडायला आणि अडकलेला कागद ओढायला हात जाईल एवढी जागा मागे सोडा, आणि खोलीत हवा खेळती ठेवा.

पायरी ९: वापरलेला प्रिंटर

पैसे कमी असतील तर नव्या सर्वांत स्वस्त प्रिंटरपेक्षा कार्यालयातून निघालेला दणकट जुना मला जास्त आवडतो. मात्र समोर चालवून बघा. मेनूमधून कॉन्फिगरेशन पान छापायला सांगा. त्यावर आजवर किती पानं झाली आणि ड्रम किती उरला, ते सहसा लिहिलेलं असतं. मग एक पूर्ण काळं आणि एक कोरं पान काढा. ठरावीक अंतराने तोच डाग दिसला तर ड्रम किंवा रूळ गेला समजा. कागद दोन-दोन ओढत असेल तर रबरी रोलर झिजलेत; ते बदलता येतात, पण किंमत त्या हिशेबाने पाडून घ्या. त्याचं कार्ट्रिज अजून बाजारात मिळतं का, हे तर सगळ्यात आधी.

घरी आणल्यावर

‘टोनर कमी’ असा इशारा आला म्हणून लगेच कार्ट्रिज फेकू नका. ते बाहेर काढून आडवं धरा, हळुवार पाच-सहा वेळा हलवा आणि परत बसवा. पानं फिकी दिसू लागेपर्यंत ते चालतं. नवं मात्र इशारा येताच मागवून ठेवा, आणि उघडलेलं कार्ट्रिज उन्हात ठेवू नका, ड्रमला प्रकाश सोसत नाही. पावडर कपड्यांवर सांडलीच तर आधी झटका आणि मग थंड पाण्याने धुवा. गरम पाणी लावलंत तर ती कापडातच पक्की बसेल.